पद्मिनी वारं पितीया : सोलेक्स कार्बोरेटरच्या नोंदी

गाडी : प्रीमियर पद्मिनी, १९८९. इंजिन १०८९ सीसी, एका नळीचा सोलेक्स कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. बाबांनी नवी घेतली होती, आता माझ्याकडे आहे. ठिकाण कोल्हापूर, घरामागचं पत्र्याचं शेड. शनिवार-रविवार सोडून हात लावायला वेळ नाही. कुणाला हेच काम करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील, म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवतोय.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

पीयूसी संपली होती. केंद्रावर गाडी नापास. कागदावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.७ टक्के आणि हायड्रोकार्बन २१०० पीपीएम. या वयाच्या पेट्रोल चारचाकीला सीओ ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पर्यंत चालतो. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "पेट्रोल जास्त जातंय काका, जरा कमी करून आणा." मलाही पटलं. न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून येतंय म्हणजे पेट्रोल जास्त, यात पटण्यासारखंच सगळं होतं. सीओचा आकडा मी बघितलाच नाही. पुढचे चार आठवडे त्याचीच किंमत मोजली.

बाकी लक्षणं : सिग्नलला उभी राहिली की स्लो, म्हणजे पाय न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग, वर-खाली होतो, मधेच एक झटका देऊन मिसिंग मारते. पाय दिला की आधी दबते, मग उचलते. अ‍ॅव्हरेज साडेदहाच्या आसपास.

८ नोव्हेंबर, शनिवार

स्क्रू ड्रायव्हर घेऊन थेट हवेच्या स्क्रूवर गेलो. दोन चुका एकदम केल्या.

पहिली चूक, स्क्रू मुळात किती आटे बाहेर होता ते मोजलं नाही. आधी हलकेच पूर्ण आत बसवायचा, आटे मोजायचे, आकडा भिंतीवर लिहायचा आणि मगच खेळायचं. मी आधी खेळलो.

दुसरी चूक, कॉलेजात आरएक्स १०० मोटरसायकल होती, तिची सवय हातात. तिच्या कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू खरोखर हवेचा आहे, बाहेर काढला की हवा वाढते. सोलेक्सच्या बुडाजवळच्या या स्क्रूलाही गॅरेजमध्ये हवेचाच स्क्रू म्हणतात, पण त्यातून जातं ते पेट्रोल-हवेचं मिश्रण. बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. म्हणजे पेट्रोल कमी करायला म्हणून मी ते वाढवत होतो.

गंमत म्हणजे काहीच झालं नाही. तीन आटे बाहेर काढला, फरक नाही. पूर्ण आत घातला, तरी इंजिन चालूच! तासभर हेच. खरं तर उत्तर तिथेच पडलेलं होतं. स्क्रू पूर्ण बंद करूनही इंजिन चालतं याचा अर्थ स्लोचा स्क्रू इतका पिळलेला आहे की बटरफ्लाय, म्हणजे इंजिनाची वाट उघडझाप करणारी चकती, बरीच उघडी आहे आणि इंजिन स्लोसाठीच्या बारीक भोकावर चालतच नाहीये. मग मिश्रणाच्या स्क्रूला विचारतो कोण. हे तेव्हा कळलं नाही. कार्बोरेटर भरलाय, खोलायला पाहिजे, असं ठरवून मोकळा झालो.

९ नोव्हेंबर, रविवार

पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त मिस्त्री राहतात. त्यांना विचारल्याशिवाय खोलू नये म्हणून सकाळी गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पॉइंट बघितलास?" नव्हते बघितले. "मग कार्बोरेटरला हात लावू नगंस. निम्मी गाऱ्हाणी पॉइंटची असत्यात."

पॉइंट म्हणजे प्लगला ठिणगी देण्यासाठी उघडझाप करणारी धातूची टोकं. काढले तर एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला खड्डा. नवे पॉइंट आणि कंडेन्सर, ४२० रुपये. फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) ०.४५ मि.मी. फट ठेवली. चार प्लग, ५२० रुपये, फट ०.६. प्लगच्या वायरी एकदम चारही काढल्या आणि लावताना तिसरी-चौथी उलटी गेली. चावी फिरवल्यावर असा बार उडाला की शेजारच्यांचं कुत्रं दुपारपर्यंत दिसलं नाही. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ आहे. वायरी एकेक करून बदलाव्यात.

पिकअप थोडा सुधारला. स्लो तसाच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कार्बोरेटर उतरवला. एअर फिल्टरचं डबडं, पेट्रोलची नळी, चोकची तार, अ‍ॅक्सिलरेटरची दांडी, मग खालचे दोन नट. पंचवीस मिनिटं. दर टप्प्याला फोटो काढले. बॅटरीची वायर आधी सोडली होती, बादलीभर वाळू शेजारी ठेवली होती. शेडमध्ये आडोशाला बसून आजोबांसारखी विडी ओढणारे कुणी असेल तर त्यांना लांब बसवा.

फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवायची जागा, उघडली आणि वास आला तो पेट्रोलचा नव्हे, जुन्या व्हार्निशचा. तळाशी चमचाभर काळा गाळ, कडेला पांढरी भुकटी. ही भुकटी धातू गंजल्याची. हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि माझी गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी असते. इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची.

अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा (पाय दिला की जादा पेट्रोल फेकतो तो) डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, फुगून पापडासारखा झालेला. बोटाने दाबला तर कडेला चिरला.

जेट, म्हणजे बारीक भोकातून पेट्रोल मोजून सोडणारे तुकडे, एकेक काढून कार्बोरेटर क्लीनरने धुतले. फवाऱ्याचा डबा ३८० रुपयांना, आणि एका कामात संपतो. पायलट जेटमधून (स्लोच्या जेटमधून) उजेड दिसेना. आणि इथे मी ते केलं जे करू नये हे मला माहीत होतं. स्टेपलरची पिन सरळ करून आत घातली. उजेड दिसला. भिंगातून बघितलं तर गोल भोकाला एका बाजूला ओठ आल्यासारखा झालेला. या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. तिथे लोखंडी पिन फिरवणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर पाटा ठेवणं. जेट बाद. रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून सकाळी हवा मारली असती तर फुकटात झालं असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पॅकिंग-डायफ्रामचं किट आणि पायलट जेट मुंबईहून कुरिअरने आलं. किट ८५०, जेट कुरिअरसकट ३५०. ज्या कुर्ल्यात ही गाडी बनायची तिथल्याच एका जुन्या दुकानातून. दुकानदार फोनवर म्हणाला, २०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून माल ठेवणंच परवडत नाही. आहे तोवर घेऊन ठेवा. मी दोन डायफ्राम जादा मागायला हवे होते, मागितले नाहीत.

जोडणी केली. वरचं झाकण बसवायच्या आधी वाटीत पेट्रोल ओतून पंपाचा दांडा हाताने दाबला. नळीतून पिचकारी यायला हवी. थेंब नाही. डायफ्राम उलटा बसला का म्हणून दोनदा खोलला. स्प्रिंग काढून बघितली. झडपेची गोळी हलते का बघितली. पावणेदोन तास गेले.

शेवटी जुन्या पॅकिंगवर नवं ठेवून उजेडाकडे धरलं. जुन्याला कोपऱ्यात वाटाण्याच्या निम्म्या आकाराचं एक भोक, नव्याला तिथे कोरा कागद. पंपाची वाटच बंद. किट याच कार्बोरेटरच्या दुसऱ्या कुठल्या तरी प्रकारचं असणार. टोक घासून धारदार केलेल्या पितळी नळीने भोक पाडलं, कागदाचा भुसा फुंकून काढला. पिचकारी आली, सरळ आणि पातळ, नळाच्या धारेसारखी. नवं पॅकिंग जुन्यावर ठेवून बघितल्याशिवाय बसवू नका.

२३ नोव्हेंबर, रविवार

गाडी चालू झाली, पाय दिला की दबत नाही. खुशीत पन्हाळ्याकडे निघालो. रस्ता वीसेक किलोमीटरचा, शेवटी चढ, चाचणीला उत्तम. केर्लीपर्यंत झकास. वाघबीळच्या चढाला दुसऱ्या गियरवर पाय पूर्ण दिला आणि इंजिन हळूहळू मरत गेलं, तहान लागल्यासारखं. मागे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. हंगामाचे दिवस, त्याच्यामागे अजून चार. बाजूला घेतली, एक मिनिट थांबलो, चालू केली, परत शंभर मीटर. असं करत वर न जाता मागे वळलो.

घरी येऊन पेट्रोल पंप तपासला. नळी काढून बाटलीत धार बघितली, ती भरपूर. मग वाटीतली पातळी. वाटीत येणारं पेट्रोल बंद-चालू करणाऱ्या नीडल व्हॉल्व्हखाली किटमधलं वॉशर टाकलं होतं, आणि जुनं काढायचं विसरलो होतो. दोन वॉशर.

सोलेक्समध्ये फ्लोटची पत्री वाकवायची नसते, पातळी या वॉशरच्या जाडीने ठरते. वॉशर जाड झालं की व्हॉल्व्ह खाली येतो, फ्लोट त्याला लवकर टेकतो, पेट्रोल लवकर बंद होतं. सपाट रस्त्यावर चालून जातं, चढाला वाटी रिकामी होते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एक वॉशर काढलं. सकाळी सहाला पुन्हा वाघबीळ. दुसऱ्या गियरवर एका दमात वर. पन्हाळ्यावर चहा आणि झुणका-भाकरी, हा खर्च हिशेबात धरलेला नाही.

खाली येताना सरळ पीयूसी केंद्रावर गेलो. सीओ ०.५, हायड्रोकार्बन १८००. नापास.

कार्बोरेटर स्वच्छ, जेट नवे, पॉइंट-प्लग नवे, आणि फरक तीनशेचा. वैतागून कागद मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, सीओच्या आकड्यावर नख ठेवलं.

"पेट्रोल जास्त असतं तर ह्यो आकडा चार-पाच असता. अर्धा हाय. आरं, तुझी गाडी पेट्रोल पीत न्हाई, वारं पितीया."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. मिश्रणात हवा फार झाली की ठिणगी पडूनही ते पेटत नाही. न पेटलेला घोट तसाच धुराड्यातून बाहेर जातो आणि यंत्र त्याला हायड्रोकार्बन म्हणून मोजतं. सीओ मात्र पेट्रोल जास्त असेल तेव्हाच वाढतो. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. सीओ कमी आणि हायड्रोकार्बन जास्त, तर आधी हवा कुठून शिरते ते शोधायचं. ठिणगी चुकली तरीही असेच आकडे येतात, पण ती बाजू आम्ही ९ तारखेलाच संपवली होती.

संध्याकाळी शोधलं. इंजिन गरम, स्लोवर. शिवणयंत्राच्या तेलाच्या कुपीने थ्रॉटलच्या दांडीच्या (जिच्यावर बटरफ्लाय फिरते) एका टोकाला चार थेंब सोडले. तेल आत ओढलं गेलं, दोन सेकंद स्लो एकसारखा झाला, मग निळा धूर आणि परत थरथर. दुसऱ्या टोकाला तेच. मग कार्बोरेटरच्या बुडाच्या सांध्याभोवती बोटाने ग्रीस थापलं. एका नटाच्या अलीकडे ग्रीसला खळगा पडला आणि तो आत जाऊ लागला. कुणी क्लीनरचा फवारा मारूनही शोधतात. गरम इंजिनावर, पॉइंटच्या ठिणगीशेजारी ते मला नको वाटतं. तेल-ग्रीस सावकाश सांगतं, पण सहज पेट घेत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

कार्बोरेटर पुन्हा खाली. बुडाच्या पाटावर पोलादी पट्टी उभी धरून मागून बॅटरी मारली. नट बसतात त्या दोन्ही कानांकडे पट्टी टेकते, मधे उजेडाची फाक. फिलर गेजची ०.२५ ची पात आरामात आत जाते. गेली छत्तीस वर्षं ज्याने त्याने ते दोन नट जोर लावून आवळले, त्यात मीही आलो, आणि मऊ धातूचे कान खाली वाकले.

खिडकीची जुनी जाड काच, त्यावर २२० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, वर रॉकेलचे थेंब. आधी पाटावर स्केचपेनने आडव्या-उभ्या रेषा मारल्या. आठच्या आकड्यात घासायचं, दर वीस फेऱ्यांना कार्बोरेटर अर्धा वळवायचा, नाहीतर हाताचा भार एकाच बाजूला पडतो. सुरुवातीला फक्त कानांवरच्या रेषा गेल्या. चाळीस मिनिटांनी मधली शेवटची रेघ पुसली. मग ४०० नंबरवर पाच मिनिटं. इंजिनाची उष्णता अडवायला कार्बोरेटरखाली असतो तो बॅकेलाइटचा ठोकळाही दोन्ही बाजूंनी तसाच. घासायच्या आधी सगळे जेट काढून भोकं टेपने बंद केली होती, ही एक गोष्ट तरी पहिल्या खेपेला बरोबर केली.

थ्रॉटलची दांडी मात्र घरी होणारी नव्हती. हाताने वर-खाली हलवली तर टकटक आवाज.

६ डिसेंबर, शनिवार

शिवाजी उद्यमनगर. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा, की दोन गल्ल्यांत लेथ, ड्रिल, ओतकाम सगळं मिळतं. अडचण ही की चारशे नगांचं काम करणाऱ्याला एक नग नको असतो. तिघांनी हात जोडले. चौथे काका कार्बोरेटर बघून म्हणाले, "आमच्याकडं हीच गाडी होती," आणि ठेवून घेतला. दोन्ही बाजूंना पितळी बुश (दांडी ज्यात फिरते त्या नळ्या), दांडी तीच पॉलिश करून. ९०० रुपये, आठ दिवस.

देण्याआधी बटरफ्लाय मी घरी काढली होती. तिचे दोन बारीक स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात, सुटून इंजिनात पडू नयेत म्हणून. मागचं टोक घासून सपाट न करता मी पिळले, एकाचं डोकं तुटलं. तो ड्रिल करून काढायला काकांनी पैसे घेतले नाहीत, पण नजरेने पुरेसे घेतले.

१४ डिसेंबर, रविवार

बुश बसवून मिळाले. दांडी बोटाने फिरते, हलत नाही. जोडताना बटरफ्लाय बसवली तर एका बाजूला केसाएवढी फट. बटरफ्लायच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात, उलटी बसवली की पूर्ण मिटत नाही. काढण्याआधी वरच्या बाजूला खूण करायला हवी होती. उलटून बसवली, स्क्रू ढिले ठेवून दांडी दोन-चार वेळा आपटत मिटवली की ती आपली जागा घेते, मग आवळायची. नवे स्क्रू मागून पुन्हा ठोकले. हे विसरू नका, स्क्रू सुटला तर सरळ सिलिंडरमध्ये जातो.

खालचे दोन नट आळीपाळीने पाव-पाव आटा, छोट्या पान्ह्याने, मनगटाच्या जोरावर. बस्स.

सेटिंग : इंजिन पंधरा मिनिटं चालवून गरम. चोक पूर्ण आत. टॅको (इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा) असलेला मल्टिमीटर जोडला. मिश्रणाचा स्क्रू दीड आटा बाहेर. स्लोचा स्क्रू सोडत सोडत मिनिटाला ८०० फेऱ्यांवर. आता मिश्रणाचा स्क्रू पाव आटा आत घातला तर इंजिन लगेच धडपडलं. दीड महिन्यात पहिल्यांदा त्या स्क्रूने उत्तर दिलं! बाहेर काढत गेलो, ८६० पर्यंत चढलं, पुढे काढला तर आवाज जड झाला. सर्वांत वरच्या जागी परत आणला, स्लो पुन्हा ८०० वर. असं तीनदा. शेवटी मिश्रण पावणेदोन आटे बाहेर. भिंतीवर लिहिलं.

२० डिसेंबर, शनिवार

पीयूसी : सीओ २.१, हायड्रोकार्बन ६४०. पास. तोच मुलगा म्हणाला, "बघा, पेट्रोल कमी केल्यावर झालं की नाही." मी सीओच्या आकड्याकडे बोट दाखवलं, मागे रांग होती, सोडून दिलं.

२१ डिसेंबर, रविवार

वेगात, साठ-पासष्टला, अजून हलकी ओढाताण होती. प्लग काढून बघितले तर चारही पांढरट. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन अंगचाच असतो, त्यामुळे २० टक्क्यांच्या पेट्रोलवर तोच जेट जरा उपाशी पडतो. हा कार्बोरेटर त्या पेट्रोलसाठी आखलेलाच नाही. आठवड्यात एक पायरी मोठा मेन जेट (वेगात चालताना पेट्रोल देणारा) मागवून ठेवला होता, ३०० रुपये. बसवला. पन्हाळा आणि परत. ओढाताण गेली, प्लग फिकट तपकिरी. मोठा जेट टाकायचा तो शेवटी, हवा शिरायची थांबल्यावर. मी हे आधी केलं असतं तर भोक झाकायला पेट्रोल ओतत बसलो असतो.

२८ डिसेंबर, रविवार

हिशेब. पॉइंट-कंडेन्सर ४२०, प्लग ५२०, क्लीनर ३८०, किट ८५०, पायलट जेट ३५०, बुश ९००, मेन जेट ३००, पीयूसीच्या तीन खेपा ३७५, चाचणीचं पेट्रोल अंदाजे ८५०. एकूण ४९४५ रुपये आणि आठ आठवडे. त्यातलं खरं लागणारं काम म्हणजे डायफ्राम, बूड घासणं, बुश आणि दोन वॉशरमधलं एक. पायलट जेटचे साडेतीनशे पूर्णपणे माझ्या स्टेपलरच्या पिनेचे.

अ‍ॅव्हरेज टाकी ते टाकी साडेबारा.

एक गोष्ट राहिली आहे. गाडी गरम असताना बंद केली आणि दहा मिनिटांनी चावी लावली तर पाच-सहा वेळा फिरवावी लागते. पाय पूर्ण दाबून धरला की सुरू होते आणि मागून काळा धूर येतो. वाटीतलं पेट्रोल उष्णतेने उकळून खाली सांडत असणार. बॅकेलाइटचा ठोकळा घासून मी पातळ केला, त्याचाच हा परिणाम असावा असा संशय आहे. काकांना जाड ठोकळा करून मागितलाय. ते म्हणाले, संक्रांतीनंतर या.